तात्पुरत्या कामाचा लाल दोरा

सोमवार, ३ तारीख
सकाळी वरचा १४८, खालचा ९४.

दवाखान्यातून हुकूम आहे की महिनाभर रोज बीपी मोजायचं, लिहून ठेवायचं, आणि शेजारी दिवसभरात काय झालं तेही दोन ओळींत लिहायचं, म्हणजे कशाने चढतं ते कळेल. मी म्हटलं, माझं गाड्यांमुळे चढतं, दुसरं काय. बायको म्हणाली, "तुमचं तोंड मिटलं तर निम्मं उतरेल." तिला तशी सवय आहे बोलायची, मी मनावर घेत नाही.

आज शिवणक्लासच्या बाई गाडी घेऊन आल्या. गाडी निळी, बावीस वर्षांची. त्यांनी दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या हाताची घेतली, शिवणयंत्रं ने-आण करायला. तक्रार अशी की गाडी चालू असताना डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा आणि बॅटरीचा लाल दिवा, दोन्ही मंद मंद जळत राहतात. हेडलाइट लावले की आणखी थोडे. शेजारच्या मिस्त्रीने (इंजिनं तो करतो, वायरिंग मी, मधे एक पत्रा) ऑइल दोनदा बदललं, प्रेशर मोजलं, पंप उघडून पाहिला. सगळं ठणठणीत, दिवा तसाच. शेवटी हात झटकून म्हणाला, "आता हे तुझं खातं."

बाई बिचाऱ्या वैतागल्या होत्या. "ऑइल आहे, प्रेशर आहे, मग हा दिवा खोटं बोलतो का?"

मी म्हटलं, "बाई, दिवा कशाला खोटं बोलेल? त्याला काय मिळायचंय त्यातून? खोटं माणूस बोलतो."

आणि मग त्यांना तो किस्सा सांगितला. अकरा वर्षांपूर्वी माझा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ड्रायव्हर होता. नोकरी मीच लावून दिली होती. एक दिवस हायवेवर इंजिन जाम झालं, आत ऑइलचा थेंब नाही. हा शपथेवर सांगायचा की दिवा लागलाच नाही. डॉक्टरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, तुमचा नातेवाईक आहे, दुसरा कुणी बोलावू का? मी म्हटलं, वायरला नातं कळत नाही. किल्ली फिरवली, दिवा लख्ख लागला. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की दिवा ठीक आहे. त्याची नोकरी गेली.

बाई म्हणाल्या, "अगं बाई! सख्ख्या मेहुण्याच्या विरुद्ध?"

"खरं ते खरं," मी म्हटलं.

पत्र्यापलीकडून मिस्त्री ओरडला, "झाला का तो किस्सा सांगून? आता गाडी दुरुस्त झालीच म्हणून समजा." चेष्टा करतो, पण गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवताना 'सरळ माणूस आहे' हेही तोच सांगतो.

दोन ओळी लिहायच्या होत्या, पान भरलं.


मंगळवार, ४ तारीख
मोजलं नाही.

जे झालं ते जसं झालं तसं लिहितो. हे पान दवाखान्यात दाखवायचं नाही.

सकाळी बाई आल्या, मिस्त्रीही आला, त्याला उत्सुकता होती. ऑइलच्या दिव्याची वायर इंजिनवरच्या एका छोट्या स्विचवर जाते. प्रेशर गेलं की तो स्विच दिवा लावतो. एवढीच त्याची नोकरी. ती वायर स्विचवरून काढून मोकळी सोडली की दिवा विझायलाच पाहिजे. मी काढली, आत जाऊन पाहिलं. विझला नव्हता. म्हणजे दिवा त्या स्विचला जोडलेलाच नव्हता.

डॅशबोर्डवरचा मीटर उघडला. मागे हात घालून वायरींचा गुच्छ पुढे ओढला तर चोरी सापडली. ऑइलच्या दिव्याची वायर मागच्या मागे कापून बॅटरीच्या दिव्याला जोडून दिलेली. अशा गाडीत किल्ली फिरवली की दोन्ही दिवे लागतात, इंजिन चालू झालं की दोन्ही विझतात. बघणाऱ्याला वाटतं सगळं छान. पण इंजिनातलं ऑइल पार आटून गेलं तरी तो दिवा लागणार नाही. आता बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर म्हातारा झालाय, म्हणून बॅटरीचा दिवा मंद जळतोय आणि त्याच्या शेपटीला बांधलेला ऑइलचाही. ऑइलचा यात काही संबंधच नाही.

मी बाईंना हे समजावलं आणि मग तोंड सुटलं. कोण गाढव हा, म्हटलं. असल्या माणसाच्या हातात पक्कड देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. हा वायरमन नाही, खुनी आहे. कुणाचा जीव गेला असता म्हणजे? मिस्त्री मान डोलावत होता, त्यामुळे मला आणखी चेव आला.

बाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "काम वाईट असेल, पण बांधलंय किती नीट! आमच्याकडे कच्चा टाका घालताना अशीच गाठ मारतात. एक टोक ओढलं की सुटते."

मी पाहिलं. मेण लावलेला लाल दोरा. तीन वेढे आणि वर सरकती गाठ.

माझे उस्ताद टेप वापरायचे नाहीत. वायरी मेणाच्या दोऱ्याने बांधायचे. कायमच्या कामाला काळा दोरा, तात्पुरत्या कामाला लाल. लाल दोरा म्हणजे काम अजून संपलेलं नाही, पुढे जो उघडेल त्याला कळलं पाहिजे. उस्ताद जाऊन वीस वर्षं झाली. त्यांच्या हाताखाली शिकलेला मी एकटाच या धंद्यात राहिलो. लाल दोरा या गावात दुसरं कुणी बांधत नाही. आसपासच्या गावांतही नाही.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते आजवर नुसतं ऐकलं होतं. मी वायरी परत आत ढकलल्या आणि म्हणालो, "आता उजेड कमी आहे, उद्या बघू." तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. बाई आधी माझ्याकडे आणि मग आभाळाकडे बघायला लागल्या.


बुधवार, ५ तारीख
वरचा १६०. खालचा लिहीत नाही.

मला कामाची वही ठेवायची सवय आहे. गाडीचा नंबर, तक्रार, काय केलं. नंबर लक्षात राहत नाहीत म्हणून तर वही. जुन्या वह्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहेत. बायकोने विचारलं काय शोधताय, मी म्हटलं स्क्रू. पेटीत स्क्रू कशाला असतील हे तिने विचारलं नाही.

तेरा वर्षांपूर्वीच्या वहीत माझ्याच अक्षरात सापडलं: "डोळ्यांचे डॉक्टर. ऑइलचा दिवा फडफडतो. प्रेशर ठीक, स्विच खराब. नवा यायला आठ दिवस. डॉक्टरांना आत्ता बाहेरगावी जायचंय, मंडळी दिव्याला घाबरतात. सोय केली. स्विच आला की बदलणे."

खाली काही नाही. बदलला असं कुठेच लिहिलेलं नाही.

दोन वर्षांनंतरच्या वहीत: "डोळ्यांचे डॉक्टर. इंजिन जाम. दिवा तपासला. ठीक."

आणि नंबर तोच. बाईंच्या निळ्या गाडीचा. तेव्हा ती पांढरी होती. त्या काळात रस्त्यावरची प्रत्येक चौथी गाडी हीच होती, मी तरी कशी ओळखणार.

बघा, लगेच सबब निघाली तोंडातून.

त्या दिवशी डॉक्टरांच्या दारात मी मीटर उघडला नाही. इंजिनवरच्या स्विचची वायर हातातसुद्धा घेतली नाही. किल्ली फिरवली, दिवा लागला, उतरलो. दहा सेकंद. दिवा मीच दुसऱ्याच वायरला बांधून ठेवलेला, तो लागणारच. मेहुणा बाजूला उभा होता, माझ्या तोंडाकडे बघत.

वाईट याचं वाटतंय की सोय केल्याचं मला आठवतही नाही. गुन्हेगाराला निदान गुन्हा आठवतो. मी निवांत विसरलो आणि वर अकरा वर्षं नाकाने कांदे सोलले.


गुरुवार, ६ तारीख

दिवसभर स्वतःचं वकीलपत्र घेऊन बसलो होतो. मुद्दे असे. एक, सोय डॉक्टरांच्या सांगण्यावरून केली. दोन, आठ दिवसांनी गाडी आणायचं काम त्यांचं होतं. तीन, मेहुण्याने सकाळी ऑइल तपासायला हवं होतं. पण तिसऱ्यावर अडकलो, कारण त्याने तपासलं होतं. ऑइल फिल्टरची रबरी रिंग वाटेत फुटली होती, हे मिस्त्रीने तेव्हाच सांगितलं होतं. तासाभरात सगळं ऑइल रस्त्यावर. अशा वेळेसाठीच तर तो दिवा असतो.

डॉक्टरांना फोन केला. आता निवृत्त आहेत. सगळं सांगायचं ठरवून केला, "ती तुमची पांढरी गाडी" इथवर आलो. ते म्हणाले, "कुठली पांढरी गाडी?" मी म्हटलं, इंजिन जाम झालं होतं ती. ते म्हणाले, "हो का? असेल. तुमचे डोळे ठीक आहेत ना?" मी हो म्हणून फोन ठेवला.

त्यांच्या लक्षातसुद्धा नाही. एका माणसाचं आयुष्य फिरलं त्याच्यावर.


शुक्रवार, ७ तारीख
१५६/९८.

आज अल्टरनेटर उतरवून दुरुस्त केला. मग ऑइलच्या दिव्याची वायर परत तिच्या जागी. स्विच नवा हवा होता. ड्रॉवरच्या तळाशी सापडला, डब्यात, कोरा. डब्यावर माझ्या अक्षरात डॉक्टरांचं नाव. तेरा वर्षं माझ्या गुडघ्याजवळ पडून होता. मी नावाची चिठ्ठी खरवडून काढली आणि स्विच बसवला. लाल दोरा सोडवून खिशात टाकला. काळ्याने बांधलं.

एवढं झाल्यावर जगात पुरावा राहिला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वह्या जाळल्या की संपलं. हा विचार मी केला, आणि तो चांगला वाटला, हेही लिहून ठेवतो.

बाई आल्या. गाडी चालू केली. दिवे लागले, विझले, मंद जळणं गेलं. खूश झाल्या. "ज्याने हे केलं त्याला शोधून काढा हो," म्हणाल्या. मिस्त्री म्हणाला, "शोधायचं काय? चौकातल्या वायरमनचं काम हे. तो असलेच धंदे करतो."

मी म्हटलं, "असेल."

एकच शब्द. चौकातला वायरमन माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे. ही सोय झाली तेव्हा त्याच्या हातात पक्कडसुद्धा आली नसेल. एक माणूस बुडवून मन भरलं नव्हतं, दुसरा घेतला.

मला माझी लाज वाटते. हे असं सरळ लिहिल्यावर जरा बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही होत नाही.


रविवार, ९ तारीख

पंधरा दिवसांतून एका रविवारी बायको भावाकडे जाते. एकटीच. तो अकरा वर्षांत आमच्या दारात आलेला नाही, मीही गेलेलो नाही. जाताना काहीतरी डबा नेते, येताना रिकामा आणते. आली की डोळे लाल असतात. बसमधल्या धुळीने होतं म्हणते. तिला पहिल्यापासून धुळीचा त्रास आहे.

आज आल्यावर विचारलं, "कसा आहे?"

तिने चप्पल काढता काढता माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत मी हे पहिल्यांदाच विचारलं असावं.

"कंबर धरलीय. कपाटं उचलून उचलून."

तो फर्निचरच्या दुकानात आहे. टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून जातो, सामान उतरवतो, वर चढवतो. त्या प्रकरणानंतर त्याने गाडी चालवली नाही. गावात कुणी ड्रायव्हर म्हणून ठेवलं नाही हे मला माहीत होतं. आज ही म्हणाली, मालकाने दोनदा विचारलं होतं टेम्पो चालवतोस का, तोच नाही म्हणाला.

"का?" मी विचारलं.

"ते त्यालाच विचारा," ती म्हणाली आणि आत गेली. मला वाटतं थकली असावी.


सोमवार, १० तारीख
बीपीचं यंत्र कपाटात ठेवून दिलं.

बायकोला सांगितलं.

दुपारी जेवायला घरी आलो होतो. ती वाढत होती. मी लाल दोरा खिशातून काढून ताटाशेजारी ठेवला आणि सगळं बोलून टाकलं. सोय, स्विच, दहा सेकंद. मला वाटलं ती रडेल, नाहीतर भांडेल. दोन्हीची तयारी करून बसलो होतो. तिने शांतपणे माझ्या ताटात भात वाढला.

म्हणाली, "बरं झालं सापडलं."

"तुला धक्का नाही बसला?"

"दिव्याबिव्यातलं मला काय कळतं? पण तो खोटं बोलत नाही, एवढं मला कळत होतं. लहानपणी काच फोडली तर फोडलेला तुकडा हातात घेऊन सांगायला यायचा."

मी म्हटलं, "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते," ती म्हणाली. "त्याच दिवशी. याच जागी. म्हटलं, अहो, एकदा उघडून तरी बघा. तुम्ही म्हणालात, वायरिंगमधलं तुला काय कळतं, तू पोळ्या कर. मी केल्या."

हेही मला आठवत नाही.

मी म्हटलं, "अकरा वर्षं तू माझ्यावर राग धरून होतीस?"

"राग कुठे धरला? राग धरला असता तर निभावलं असतं का?" मग म्हणाली, "तो किस्सा तेवढा सांगत जाऊ नका. पाहुणे आले की सांगता. मी आत उभी असते तेव्हा."

मी भात नुसताच कालवत राहिलो. ती म्हणाली, "जेवा आता. आणि हे मला सांगून भागणार नाही."


बुधवार, १२ तारीख

फर्निचरच्या गोदामावर गेलो. काल जायचं होतं. काल मी एका स्कूटरचा हॉर्न दिवसभर दुरुस्त केला.

मेहुणा मागच्या बाजूला पुठ्ठे दुमडत बसला होता. केस पांढरे झालेत. माझ्या डोळ्यांपुढे अजून तेहतीस वर्षांचा पोरगा होता, हा चांगला चव्वेचाळीसचा बाप्या. मला बघून उठायला लागला, कंबरेला हात लावून.

"दाजी? ताई बरी आहे ना?"

पहिला प्रश्न हा. मी म्हटलं बरी आहे, बस. तो बसला नाही. मीही उभाच राहिलो. येताना वाक्यं जुळवली होती ती सगळी गेली. म्हटलं, "डॉक्टरांच्या गाडीचा दिवा खोटा होता. मीच केला होता. तुझं खरं होतं."

मग मी बोलत सुटलो. सोय काय केली, कशी केली, वायर कुठून कुठे नेली. त्याने मधेच थांबवलं.

"म्हणून दोन्ही दिवे एकदम विझायचे."

"काय?"

"गाडी चालू केली की दोन्ही दिवे एकाच क्षणी विझायचे. दुसऱ्या गाड्यांत ऑइलचा जरा मागाहून विझतो. मी तुम्हाला सांगितलं होतं, दाजी. जाम व्हायच्या आधी, दोन-तीन महिने. तुम्ही म्हणालात, बरं आहे की, दोघांचं जमतं."

हे मात्र मला आठवलं. हा विनोद मी आजही करतो, दुसऱ्या गाड्यांवर.

मी म्हटलं, "मला माफ कर". तो पुठ्ठ्याची कड नखाने सरळ करत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मला वाटलं होतं, दिवा लागलाच असणार."

"म्हणजे?"

"तुम्ही सांगितलंत ना दिवा ठीक आहे. तुम्ही कशाला खोटं सांगाल? नातं असून विरुद्ध बोललात म्हणजे खरंच असणार. मग मीच बघितला नसणार. मागे डॉक्टरांची मुलगी बसली होती, परीक्षेला चालली होती, उजळणी करत होती. मला वाटायला लागलं, माझं लक्ष तिकडे असणार. गाडी बंद पडली तेव्हा मागचा ट्रक हाताच्या अंतरावर थांबला, दाजी. माझ्या नजरचुकीने ती पोरगी गेली असती. मग कसला हात लावतो मी स्टेअरिंगला. दोनदा डोळे तपासून घेतले. तपासणारे म्हणाले ठीक आहेत. पण डोळे ठीक असून दिसलं नाही म्हणजे तर जास्तच वाईट."

अकरा वर्षं मी समजत होतो की तो माझ्यावर रुसून येत नाही. मला दोष देत असेल, म्हणून मीही ताठ राहिलो. आणि हा माझा शब्द खरा धरून स्वतःलाच दोष देत बसला होता. त्याने मला खोटं ठरवलं असतं, दोन शिव्या घातल्या असत्या, तर निदान स्वतःचे डोळे तरी त्याच्याजवळ राहिले असते. मी नोकरी घालवली असं मला वाटत होतं. ती काय, दुसरी मिळाली असती.

टेम्पोचा हॉर्न वाजला. त्याला जायचं होतं. मी म्हटलं, "शनिवारी माझ्या दुकानावर ये. जिथे जिथे बोललो तिथे मी सांगणार आहे. तू समोर असलास तर बरं."

"बघतो," तो म्हणाला. टेम्पोत चढताना त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. मी हात पुढे केला होता, तो त्याने पाहिला की नाही माहीत नाही.


शनिवार, १५ तारीख

तो आला. हिच्याबरोबर आला, बसने. मी दुकानाच्या दारात सकाळपासून तीन वेळा झाडलं होतं.

शिवणक्लासच्या बाईंना फोन करून गाडी मागवली होती. मिस्त्रीला हाक मारली. चौकातल्या वायरमनलाही बोलावलं. तो बिचारा कशाला बोलावलं म्हणून घाबरून आला होता. मी गाडीच्या बॉनेटशेजारी उभा राहिलो आणि सांगितलं. बाई, मी ज्याला गाढव म्हणालो तो मी. खुनी म्हणालो तोही मी. मिस्त्री, चौकातल्याचं नाव तू घेतलंस तेव्हा मी 'असेल' म्हणालो, मला माहीत असून. आणि तो किस्सा जो मी सांगतो, त्यातला खोटा माणूस हा नाही.

मी मेहुण्याकडे बोट दाखवलं. मिस्त्रीने चेष्टा केली नाही. त्याने केली असती तर बरं झालं असतं. तो जमिनीकडे बघत फडक्याने पाना पुसत राहिला, आणि मला कळलं की 'सरळ माणूस' म्हणून यापुढे तो गिऱ्हाईक पाठवणार नाही. चौकातला म्हणाला, "काका, मला कामं आहेत," आणि गेला. बाई म्हणाल्या, "अहो, मी दोन वर्षं ही गाडी चालवली. मुली असायच्या मागे." त्या एवढंच म्हणाल्या. मी मान खाली घातली.

मग मेहुणा पहिल्यांदा बोलला. "मला बघायचंय."

"काय?"

"दिवा. लागताना."

बाईंनी किल्ली पुढे केली. त्याने ती लगेच घेतली नाही. पँटला हात पुसले, मग घेतली. ड्रायव्हरच्या सीटवर बसला, सीट मागे केली, आरसा सरळ केला. ही खिडकीशी उभी राहिली. मी बॉनेटखाली गेलो. त्याने गाडी चालू केली. चांगली चालू केली, एका झटक्यात, जास्त रेस न देता.

मी ओरडून सांगितलं, "आता स्विचची वायर काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवतो. ऑइल गेलं तर व्हायला पाहिजे तेच होईल. दिवा लागला की सांग." अकरा वर्षांपूर्वी एवढंच करायचं होतं. याला दोन माणसं लागतात, एक इथे आणि एक आत. तेव्हा तो माझ्या शेजारीच उभा होता.

टेकवली.

मी थांबलो. वायर घामाने सटकत होती, दोन्ही हातांनी धरली.

"लागला," तो म्हणाला.

काढली. "विझला."

मी बाहेर यायला लागलो तर म्हणाला, "परत."

परत टेकवली. "लागला." काढली. "विझला." "परत." किती वेळा झालं मी मोजलं नाही. इंजिन तापलं होतं, बोटांना चटके बसत होते. मधे एकदा त्याचा आवाज बसला, हिने काहीतरी विचारलं, तो नाही म्हणाला, आणि परत "परत."

बॉनेट उघडं असलं की खालून डॅशबोर्ड दिसत नाही. तो लागला म्हणाला की मी लागला धरत होतो, विझला म्हणाला की विझला.

"परत," तो म्हणाला, आणि मी वायर टेकवली.